एकशे नऊ तासांचं गुपित

४ नोव्हेंबर २०१४ रोजी 'द बाइंडिंग ऑफ आयझॅक: रीबर्थ' हा व्हिडिओ गेम बाजारात आला. त्यात सगळ्यात खोल दडवलेलं पात्र म्हणजे 'द लॉस्ट'. ते १०९ तासांत उघडं पडलं, म्हणजे पुरते पाच दिवसही लागले नाहीत. पण ते खेळून सापडलं नव्हतं. काही जणांनी गेमच्या फाइली उकलल्या आणि आत काय लिहिलंय ते सरळ वाचून काढलं. गेमचे कर्ते एडमंड मॅकमिलन यावर नाराज झाले आणि ते त्यांनी बोलूनही दाखवलं. माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण या १०९ तासांवर आहे असं सांगितलं की सोनईत लोक आधी हसतात, मग विचारतात, 'यात इतिहास कुठंय?' प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर थोडं लांबून द्यावं लागतं.

या प्रकारच्या गेमना रोगलाइक म्हणतात. इथे 'रोग' म्हणजे आजार नव्हे, इंग्रजीतला भामटा. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियात सांता क्रूझच्या विद्यापीठात मायकेल टॉय आणि ग्लेन विकमन या दोन विद्यार्थ्यांनी 'रोग' नावाचा गेम लिहिला. पुढे केन अरनॉल्ड त्यात आले. चित्रं नाहीत, सगळं अक्षरांत. इंग्रजी मोठी अक्षरं म्हणजे राक्षस, '@' म्हणजे तुम्ही. दर खेळीला तळघर नव्यानं रचलं जायचं आणि मेलात की संपलं, परत पहिल्यापासून. औषधांच्या बाटल्यांचे रंगसुद्धा दर खेळीला बदलायचे. आज निळी बाटली जखम भरते, उद्या तीच आंधळं करते. म्हणजे गुपित होतं, पण ते पाठ करून उपयोग नव्हता.

मग जे एकदा उघडलं की कायमचं उघडं राहतं, ते कुठून आलं? हा बदल बराच नंतरचा. आयझॅकमध्ये तुम्ही मरता, तळघर पुसलं जातं, पण काही अटी पुऱ्या केल्या असतील तर पुढच्या खेळीत नवं पात्र, नवी वस्तू मिळते. यांना अनलॉकेबल म्हणतात, सोप्या भाषेत कुलूपबंद गोष्टी. (ज्या शिंगणापुरात घरांना कुलूप लावत नाहीत आणि जिथे २०११ मध्ये युको बँकेनं बिनकुलपाची शाखा उघडली, त्याच्या शेजारच्या गावातल्या माणसानं कुलपांवर संशोधन करावं, हा विनोद मला आतापर्यंत बऱ्याच जणांनी ऐकवलाय.)

आता 'द लॉस्ट'चं कुलूप कसं होतं ते बघा. चार पात्रांनी चार ठरावीक मरणं, तीही ठरावीक क्रमानं मरायची. आयझॅक घेऊन मलीबूम नावाच्या फुटणाऱ्या प्राण्यापायी मरायचं. मग मॅग्डलीन घेऊन आपल्याच बॉम्बनं, मग जूडास घेऊन आईकडून, आणि शेवटी अझाझेल घेऊन सैतानाकडून. एकट्यादुकट्याला हे सुचणं अशक्यच. पण इशारे पेरलेले होते. 'हरवला आहे' अशा पोस्टरचा कागद जवळ ठेवून मेलात, तर मरणानंतरच्या चिठ्ठीवर एका कोड्याचा तुकडा दिसायचा. तुमच्याकडे एक तुकडा, माझ्याकडे दुसरा. हजारो लोकांनी आपापले तुकडे आणून जोडावेत अशी ती रचना होती. फाइल वाचणाऱ्यांनी ती जोडणीच वगळली.

यात चूक कुणाची, यावर खेळणाऱ्यांत बरीच भांडणं झाली. माझं मत फाइल वाचणाऱ्यांकडे थोडं झुकतं. १९८७ मध्ये आलेल्या 'नेटहॅक'चा सोर्स कोड पहिल्यापासून उघडा होता. तो वाचून लोकांनी लांबलचक माहितीपत्रकं लिहिली, आणि ती वाचून खेळणं हीच त्या गेमची रीत झाली. रोगलाइकच्या घराण्यात कोड वाचणं हे पाप कधीच नव्हतं. मात्र मॅकमिलन यांची बाजूही समजते. त्यांनी कोडं घातलं होतं एका जमावाला, आणि उत्तर दिलं मोजक्या लोकांनी.

पुढच्या वर्षी त्यांनी डाव बदलला. ३० ऑक्टोबर २०१५ ला 'आफ्टरबर्थ' ही भर आली, आणि यावेळी नव्या गुपितासाठी लागणारा मजकूर फाइलींत ठेवलाच नव्हता! वाचणार काय? खेळणाऱ्यांना गेममधल्या दानपेटीत नाणी टाकत राहावं लागलं. मग माग गेमच्या बाहेर गेला: खऱ्या भिंतींवरची 'हरवला आहे' पोस्टरं, फोन नंबर, आणि शेवटी सांता क्रूझमध्ये जमीन खणून काढलेली एक छोटी मूर्ती. त्यानंतर 'द कीपर' हे पात्र अपडेटमधून गेममध्ये आलं. ज्या गावात 'रोग' जन्मला त्याच गावात हे खोदकाम व्हावं, हा योग मला फार आवडतो.

आता इतिहास. नेवासा हे आमच्या तालुक्याचं ठिकाण. ज्ञानेश्वरी तिथे सांगितली गेली, शके १२१२, म्हणजे १२९० साली. सापशिडीचा पूर्वज असलेल्या मोक्षपटाचं श्रेयही परंपरा ज्ञानदेवांनाच देते. हातात असलेले जुने पट मात्र त्यांच्यानंतर कित्येक शतकांनी तयार झालेले आहेत. या घराण्यातल्या वैष्णव पटांवर बहुधा ७२ घरं असतात, जैन पटांवर ८४. घरांना गुणांची, दुर्गुणांची, लोकांची नावं. कवड्या टाकायच्या, शिडीनं चढायचं, सापानं खाली यायचं. कोपनहेगन विद्यापीठात जेकब श्मिट-मॅडसेन यांनी पश्चिम भारतातल्या या खेळावर २०१९ मध्ये आख्खा प्रबंध लिहिला.

पटावर काहीच लपलेलं नाही. प्रत्येक घराचं नाव समोर लिहिलेलं आहे. तरी तो खेळताना माणसं काय बोलत होती, अहंकाराच्या घरातून घसरल्यावर हसत होती की गप्प बसत होती, हे पट सांगत नाही. आपल्या हातात उरलाय तो पट, खेळ नाही. म्हणजे मोक्षपटाचा अभ्यास करणारे आपण सगळे फाइली वाचणारेच आहोत. नाइलाजानं.

आयझॅकची गत उद्या हीच होणार. फाइली टिकतील, त्यांच्या हजार कॉपी आहेत. पण २०१४ च्या त्या आठवड्यात कुणी कोणता तुकडा कुणाला दाखवला, कुठल्या चुकीच्या तर्कामागे लोक रात्रभर लागले, हे फाइलींत नाही. म्हणून मी कोडपेक्षा मुलाखतींना जास्त वेळ देतोय. नगरमध्ये होस्टेलवर राहून खेळलेल्या काही जणांशी बोललो. त्यांच्याकडे गेम पेन ड्राइव्हवरून आला होता, अपडेट कधी झालाच नाही. त्यामुळे जगभर 'द कीपर' येऊन गेला तरी यांच्या कॉपीत तो नव्हता, आणि हे माहीत नसल्यानं ते कित्येक महिने दानपेटीत नाणी टाकत राहिले. त्यांतल्या एकानं कोणत्या दिवशी किती टाकली याची वही ठेवली होती. ती गावी माळ्यावरच्या पेटीत आहे म्हणतो. दिवाळीत काढून देणार आहे.