परळची पेशीविद्या

सन १९३६ मध्ये बोरिवलीपुढे विरारपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या आणि जीवदानीच्या डोंगराच्या पायथ्याचे हे गाव मुंबईच्या नित्य येरझाऱ्यांत सामील झाले. या गाडीने परळच्या गिरण्यांत आणि इस्पितळांत जाणाऱ्यांची कैफियत पुष्कळदा लिहिली गेली. परंतु त्याच परळात, कर्करोगाच्या संशोधनाच्या निमित्ताने, जिवंत पेशी शरीराबाहेर काचेत वाढविण्याची जी विद्या रुजली, तिचा इतिहासही या मार्गावरच्या माणसाने आपला मानावा इतका मोलाचा आहे.

या विद्येचा आरंभच मज्जातंतूपासून झाला. १९०७ मध्ये रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातील मज्जाऊतीचा कण लसिकेच्या थेंबात काचेखाली टांगता ठेवला, आणि त्यातून तंतू वाढताना सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिला. हे घडले बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात. तेथेच १९५१ मध्ये जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत ‘हेला’ हा मानवी पेशीवंश वाढला, आणि डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविलेल्या पुण्याच्या कमल रणदिवे यांनी हे तंत्र याच गे यांच्याकडे आत्मसात केले. मायदेशी परतून त्यांनी परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. त्या परतल्या, याचे मला आजही अप्रूप वाटते.

या विद्येच्या हाती मेंदूतील मूलपेशी, म्हणजे ज्यांतून नव्या चेतापेशी उपजतात त्या पेशी, मात्र फार काळ लागल्या नाहीत. प्रौढ मेंदूत नवी चेतापेशी जन्मत नाही ही समजूत इतकी दृढ होती की, १९६० नंतरच्या दशकात जोसेफ ऑल्टमन यांनी दिलेला उलट पुरावाही दीर्घकाळ बेदखल राहिला. अखेर १९९२ मध्ये कॅनडातील कॅल्गरी येथे रेनल्ड्स आणि वाईस यांनी प्रौढ उंदराच्या मेंदूतील पेशी सुट्या करून, सीरम वगळलेल्या पोषकद्रवात, एका वृद्धिघटकाच्या आधारावर ठेवल्या. बहुतेक मेल्या, पण ज्या थोड्या तगल्या त्या विभागत गेल्या आणि त्यांचे गोळे तळ सोडून द्रवात तरंगू लागले.

तरीही गोळा तरंगला म्हणजे मूलपेशी सिद्ध झाली, असे नव्हे, आणि माझ्या मते या साऱ्या विद्येचे सत्त्व या सावधगिरीतच आहे. मूलपेशीची खूण मानले जाणारे नेस्टिन नावाचे प्रथिन आढळले तरी तेवढा दाखला पुरत नाही, कारण ते इतर पेशींतही असते. गोळा फोडून एकट्या पेशीपासून पुन्हा गोळा उपजावा लागतो. मग वृद्धिघटक काढून घेऊन, लेप दिलेल्या काचेवर त्याच वंशातून चेतापेशी, तारकापेशी आणि तंतूंना आवरण देणाऱ्या पेशी अशी तिन्ही संतती निपजावी लागते, आणि प्रत्येकीची ओळख तिच्या स्वतंत्र प्रतिपिंडाने पटवावी लागते.

हीच सावधगिरी उपचारातही हवी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्तविकारांवरील मान्य उपचार वगळता मूलपेशींचा रुग्णांवर वापर रीतसर मंजूर चाचणीखेरीज करता येत नाही. घरातील आजाऱ्यासाठी कोणी मेंदूच्या मूलपेशींचा उपचार विकू पाहील, तर पैसे मोजण्यापूर्वी त्याच्याकडे त्या मंजुरीचा कागद मागावा.