आजोळची गादी आणि निळी जर्सी

१९४७च्या मार्चअखेर देवासच्या थोरल्या पातीचे महाराज विक्रमसिंहराव पवार कोल्हापूरला दत्तक गेले आणि शहाजी छत्रपती झाले. इतिहासाच्या पुस्तकात ही गोष्ट एका ओळीत संपते. आमच्या घरात तिला अख्खी दुपार लागायची.

आजोबा थोरल्या पातीच्या कचेरीत कारकून होते. देवास गाव एकच, पण राज्यं दोन. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंच्या वाटणीतून थोरली आणि धाकटी पाती झाली. एकाच बाजाराच्या दोन बाजूंना दोन दरबार, दोन खजिने, दोन दिवाण. गावावर टेकडी, टेकडीवर देवीची ठाणी. आजोबा म्हणत, माणसांची कितीही वाटणी झाली तरी नवरात्रात सगळे एकाच पायऱ्या चढायचे. ई. एम. फॉर्स्टर नावाचा इंग्रज लेखक १९२१ साली इथे महाराजांचा खासगी सचिव होता. त्याने पुढे देवासवर लिहिलेलं पुस्तक आजोबांनी कधी वाचलं नाही. पण त्या पुस्तकात असलेल्या आणि नसलेल्या पुष्कळ गोष्टी त्यांना ठाऊक होत्या.

विक्रमसिंहांची आई कोल्हापूरची. राजर्षी शाहू महाराजांची कन्या राधाबाई, म्हणजे अक्कासाहेब महाराज. १९०८ साली त्यांचं लग्न देवासच्या तिसऱ्या तुकोजीरावांशी झालं, पण संसार टिकला नाही आणि त्या माहेरी परतल्या. मुलगा बापाजवळ राहिला. पुढे बाप-लेकांतही एवढं बिनसलं की १९२७ साली युवराजांनी देवास सोडून इंग्रजांचा आश्रय घेतला. राज्य कर्जात बुडालं, तुकोजीराव पाँडिचेरीला निघून गेले आणि १९३७ साली तिथेच वारले. मग विक्रमसिंह गादीवर आले. आजोबांच्या नोकरीतली बरी वर्षं ती पुढची दहा. दुसऱ्या महायुद्धात महाराज स्वतः मध्यपूर्वेच्या आघाडीवर गेले होते, हे सांगताना आजोबांचा आवाज चढायचा.

इकडे कोल्हापूरचे राजाराम महाराज १९४० साली गेले. त्यांच्यामागे दत्तक घेतलेले बाल छत्रपती १९४६ साली गेले. गादी रिकामी राहिली आणि कोल्हापूरने शाहू महाराजांच्या नातवाला हाक मारली.

"राजे आजोळी गेले, त्यात एवढं काय?" आजी म्हणायची.

"आजोळी सुट्टीला जातात," आजोबा म्हणत. "हे गेले ते देवासची गादी सोडून, पवार हे आडनाव सोडून, विक्रमसिंह हे नावसुद्धा सोडून. मुलाला गादीवर बसवलं आणि निघाले. पुन्हा देवासला आले ते पाहुणे म्हणूनच."

लहानपणी मला आजीचं म्हणणं पटायचं. आजोबांना त्यात काय दिसत होतं ते खूप पुढे कळलं, आणि तेही फुटबॉलच्या मैदानावर.

त्याआधी धारची गोष्ट सांगायला हवी, कारण आजी धारची. तिच्या माहेरी पक्की समजूत होती की पवार माळव्यात आले ते परमुलूख जिंकायला नाहीत. धार ही परमारांची, राजा भोजाची नगरी. पवार स्वतःला त्याच परमारांचे वंशज मानत. दक्षिणेत कित्येक पिढ्या काढल्यावर अठराव्या शतकात मराठी फौजांबरोबर ते नर्मदा ओलांडून वर आले, तेव्हा त्यांच्या मनात ते पूर्वजांच्या घरी परतत होते. वंशावळीची ही दोरी मध्ये किती ठिकाणी तुटते ते इतिहासकारांनी पाहावं. पण घर म्हणून जिथे परतलो त्या मुलखाचं देणं धारच्या पवारांनी दिलं, एवढं खरं. धारचे यशवंतराव पवार १७६१ साली पानिपतावर पडले. आजी त्यांचं नाव घरातल्या माणसाचं घ्यावं तसं घ्यायची.

उलट्या दिशेची गोष्टही तिच्याकडे होती. राघोबादादांची गरोदर पत्नी आनंदीबाई धारच्या किल्ल्यात आश्रयाला आली आणि १७७५च्या जानेवारीत तिथे दुसरा बाजीराव जन्मला. पेशवाईचा शेवटचा धनी माळव्यात जन्मलेला आहे, हे पुण्यातल्या माझ्या मित्रांना सांगितलं की अजून नवल वाटतं. आम्हाला कधी वाटलं नाही. आमच्या गोष्टींतली सगळीच माणसं एका मुलखात जन्मायची आणि दुसऱ्या मुलखाची म्हणून ओळखली जायची. देवासला आम्ही दक्षिणी आणि पुण्यात आम्ही माळव्याचे.

नोकरीमुळे मी पुण्यात आलो आणि पुणे एफसीचे सामने पाहायला बालेवाडीला जाऊ लागलो. तिथे मधल्या फळीत खेळणारा आराता इझुमी दिसला. जन्म १९८२चा, जपानमधल्या शिमोनोसेकीचा. आई जपानी, वडील मूळचे गुजराती. २००६ साली तो भारतात आला, आधी ईस्ट बंगाल, मग मुंबईचा महिंद्रा युनायटेड आणि २००९पासून पुणे. इथे तो परदेशी खेळाडू म्हणून मोजला जाई. चेंडू त्याच्या पायाला लागला की खेळाचा गोंधळ निवायचा. धावपळ करणारे पुष्कळ होते, पण पास कुठे द्यायचा हे चेंडू येण्याआधी ठरवलेला हा एकच.

त्याला भारताकडून खेळायचं होतं. २००८च्या अखेरीपासून सरकारचं धोरण असं की भारताचा पासपोर्ट असेल तरच भारताची जर्सी. वडील भारतीय आहेत, रक्त भारतीय आहे, हे पुरत नाही. दुहेरी नागरिकत्व ना भारताला चालतं, ना जपानला. म्हणजे ज्या देशात जन्मला, वाढला, खेळ शिकला, तो देश कागदावरून पुसायचा. त्याने ते केलं. २०१२ साली तो भारताचा नागरिक झाला आणि कागदोपत्री त्याचं नाव झालं नीलकंठ खंभोळजा. २०१३ साली, तिशी ओलांडल्यावर, तो निळ्या जर्सीत उतरला.

ती बातमी वाचली आणि मला आजोबांचं वाक्य जसंच्या तसं ऐकू आलं. नावसुद्धा सोडून.

मोरोक्कोचा संघ २०२२च्या विश्वचषकात उपांत्य फेरीत पोचला, तेव्हा त्यांच्या २६ खेळाडूंपैकी १४ जण मोरोक्कोबाहेर जन्मलेले होते. अश्रफ हकीमी माद्रिदचा. आई-वडिलांचा देश निवडताना त्याला स्पेनशी नातं तोडावं लागलं नाही. आपला नियम याहून फार कडक आहे. त्यामागची भूमिका मला समजते, पण फुटबॉलपटूचं आयुष्य त्या नियमात बसत नाही, हे मी आग्रहाने म्हणेन. मूळ भारतीय वंशाच्या माणसालाही नागरिकत्वासाठी आधी इथे वर्षानुवर्षं राहावं लागतं. कचेरीला सात वर्षं फार नसतात. मधल्या फळीतल्या खेळाडूची सात वर्षं म्हणजे त्याची सगळी तरणी ताकद. आराताला भारताकडून मोजकेच सामने मिळाले. चोविसाव्या वर्षी तो इथे आला होता. तेव्हाच जर्सी मिळाली असती तर, हा प्रश्न मी अजून विचारतो.

विक्रमसिंहांच्या वाट्यालाही थोडेच दिवस आले. देवास सोडून घेतलेलं कोल्हापूरचं राज्य १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झालं. दोन वर्षंसुद्धा भरली नव्हती. आजी म्हणायची, मग मिळवलं काय? आजोबा कधी उत्तर देत नसत. मला वाटतं, उत्तर पुढच्या वर्षांत आहे. गादी गेली तरी ते देवासला परतले नाहीत. १९८३ साली वारले ते शहाजी छत्रपती म्हणूनच. ज्या घराण्यात ते दत्तक गेले, त्या घराण्याचं कोल्हापूरच्या फुटबॉलशी आजही नातं आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात आणि कुस्तीच्या या गावात चेंडूसाठी पेठाच्या पेठा लोटतात.

नोव्हेंबर २०२५मध्ये आणखी एक नाव आलं. रायन विल्यम्स, पर्थमध्ये जन्मलेला, बेंगळुरू एफसीचा खेळाडू. आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन कुटुंबातली आणि आईचे वडील संतोष ट्रॉफीत मुंबईकडून खेळलेले. ऑस्ट्रेलियाकडून एक मैत्रीपूर्ण सामना खेळून झालेला असताना त्याने तो पासपोर्ट परत केला आणि भारताचा घेतला. म्हणजे हासुद्धा आजोळी आला. वय बत्तीस. पुन्हा तोच हिशेब, पुन्हा उशीर. आजोबा असते तर त्यांनी मला आधी एवढंच विचारलं असतं की तो राहणार का.

आराता राहिला. पुण्यानंतर कोलकाता, पुन्हा पुणे, केरळ असे संघ झाले, खेळणं थांबलं, पण तो जपानला निघून गेला नाही. नवी मुंबईतल्या रिलायन्स फाउंडेशनच्या अकादमीत तो मुलांचा प्रशिक्षक झाला. त्याच्या हाताखाली तयार झालेली पोरं आता आयएसएलच्या संघांत जाऊ लागली आहेत, आणि त्यांना पासपोर्टासाठी एक दिवससुद्धा थांबावं लागत नाही.