मनीऑर्डर आणि वरकस

मागच्या भागात आपण कोकणातून मुंबईला गेलेल्या माणसांबद्दल बोललो. आज बोलू त्यांच्या मागे राहिलेल्या जमिनीबद्दल.

जुना रत्नागिरी जिल्हा मनीऑर्डरवर चालतो, असं म्हणायचे. सिंधुदुर्ग त्यातून वेगळा झाला तो १९८१ साली. गिरणीतून आलेल्या पैशात तांदूळ, मुलांच्या फिया आणि वाण्याची उधारी भागायची. शेतीत घालायला फारसं उरत नसे. म्हणून मी म्हणतो, इथली जमीन पैशापेक्षा पैसे पाठवणाऱ्याच्या गैरहजेरीनं बदलली.

कशी, ते पाहा. भाताची खाचरं खाली, सपाटीला. वरचा डोंगरउतार म्हणजे वरकस. तिथला झाडोरा तोडून, जाळून नाचणी-वरी घ्यायची आणि मग काही वर्षं जमीन पडीक ठेवायची. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा, त्याच्या फांद्याही वरूनच यायच्या. पुरुष मुंबईला गेल्यावर खाचर, गुरं, म्हातारी माणसं, सगळं घरच्या बाईवर आलं. तिनं खाचर धरून ठेवलं, वरकस सुटलं. उतारावर आधी करवंदं आणि कुडा माजला, मग ऐन-किंजळ उभे राहिले.

जंगल परत आलं, पण ते कुणी राखलं म्हणून नव्हे. देवराईची गोष्ट वेगळी. माधव गाडगीळांनी १९८३ मध्ये इथे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत परिसरशास्त्राचं केंद्र सुरू केलं. त्याआधी, सत्तरच्या दशकात, त्यांनी आणि वा. द. वर्तकांनी महाराष्ट्रातल्या देवराया अभ्यासल्या होत्या. देवराईला नियम होते आणि ते पाळणारं गाव होतं. वरकसावरच्या झाडांना फक्त मालक होते, तेही मुंबईत.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि मनीऑर्डरी आटल्या. पुढे १९९० मध्ये रोजगार हमीला जोडून फळबाग योजना आली. उतार साफ झाले, काजू आणि आंब्याची कलमं लागली. घरात पैसा आला, हे चांगलंच झालं. पण त्याच वाटेनं जमिनीचे गिऱ्हाईकही आले. दोडामार्गात केरळच्या बागायतदारांनी रबर लावलं. शेवटी २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात झाडतोडीवर बंदी घालावी लागली.

इथे बेंगळुरूत हा भाग ऐकणाऱ्या अनेकांची नावं गावाकडच्या सातबाऱ्यावर असतील. गावी पैसे आता फोनवरून क्षणात जातात. वरकस विकायचा कागदही तसाच एक दिवस फोनवर येईल. सही करण्याआधी गावात राहणाऱ्या काकूला एवढं विचारा : त्या उतारावर आज काय उभं आहे, आणि खालच्या विहिरीला पाणी कुठून येतं?