अर्धवट राहिलेला प्रबंध

श्रोतेहो, आज मी आपल्याला विलायतेतल्या एका वादकाची हकिगत सांगणार आहे. ते वाजवतात ते रॉक संगीत, म्हणजे विजेची गिटार, ड्रमचा दणदणाट आणि हजारोंची गर्दी. आपल्यापैकी पुष्कळांना हा निव्वळ गोंगाट वाटेल. वाटू द्या. मला सांगायचे आहे ते त्या वाद्यामागच्या माणसाविषयी, आणि त्यांच्या हयातीत गाण्याचा बाजार कसा पालटला त्याविषयी.

त्यांचे नाव ब्रायन मे. जन्म १९ जुलै १९४७ चा, लंडनजवळच्या हॅम्प्टन गावचा. वडील सरकारी विमानखात्यात ड्राफ्ट्समन. मुलाला गिटार हवी होती, पण दुकानातली परवडणारी नव्हती. तेव्हा १९६३ साली बापलेकांनी ती घरीच करायला घेतली. मानेला जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड, आत जुन्या मोटारसायकलीच्या स्प्रिंगा, आणि पट्टीवरच्या खुणांना आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे! काम पुरे व्हायला सुमारे दोन वर्षे लागली. साठ वर्षे लोटली तरी मे यांच्या हाती मुख्य गिटार तीच आहे, आणि ते ती सहा पेन्सच्या नाण्याने छेडतात.

मुलगा अभ्यासातही हुशार. १९६८ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजातून तो पदार्थविज्ञानाचा पदवीधर झाला. पुढे संशोधनाला विषय घेतला धुळीचा. ही रस्त्यावरची धूळ नव्हे हो! सूर्याभोवती, ग्रह फिरतात त्याच पातळीत, बारीक धूळ पसरलेली आहे. तिच्यावर पडलेल्या सूर्यकिरणांमुळे आकाशात जो फिकट उजेड दिसतो, त्याला राशिचक्रप्रकाश म्हणतात. ही धूळ कोणत्या वेगाने फिरते, हे मे यांना मोजायचे होते. त्यासाठी ते टेनेरिफ बेटावरच्या डोंगरावर जाऊन बसले. पोटापाण्यासाठी काही काळ त्यांनी लंडनच्या एका शाळेत गणितही शिकवले. शिक्षकबंधूंनो, म्हणजे ते आपल्याच जातकुळीतले!

याच सुमारास, १९७० साली, 'क्वीन' नावाचा वाद्यवृंद उभा राहिला. त्याचे गायक फ्रेडी मर्क्युरी हे झांझिबारला जन्मलेले पारशी. त्यांचे शालेय शिक्षण झाले आपल्या पाचगणीला, आणि तिथल्या शाळेतल्या मुलांच्या बँडमध्ये ते पियानो वाजवीत. वाद्यवृंदाचा जम बसू लागला आणि १९७४ साली मे यांनी जवळजवळ पुरा झालेला प्रबंध गुंडाळून ठेवला. वडिलांना ते मुळीच रुचले नाही.

बरे, पैसा तरी मिळाला का? पहिला करार असा होता की ध्वनिमुद्रणाची मालकी कंपनीची, आणि वादकांना आठवड्याचा पगार. गाणी लोकांच्या तोंडी, पण खिसा रिकामा. शेतात पीक डोलते आहे आणि सातबारा मात्र दुसऱ्याच्या नावावर, अशी गत! १९७५ साली त्यांनी १ लाख पौंड आणि पुढच्या सहा रेकॉर्डांवर शेकडा १ टक्का देणे कबूल केले, तेव्हा कुठे सुटका झाली. त्याच वर्षी 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे गाणे आले. जवळजवळ सहा मिनिटांचे. एवढे लांब गाणे रेडिओवर कोण लावणार, असे जाणकार म्हणत. पण लंडनच्या एका निवेदकाने ते पुन्हा पुन्हा लावले, आणि ब्रिटनमध्ये ते नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. रेडिओचे बळ ते हे!

पुढे बाजार बदलत गेला. काळ्या तबकड्या गेल्या, कॅसेट आल्या; मग सीडी, मग इंटरनेट. आता श्रोता वस्तू विकत घेतच नाही. तो महिन्याची वर्गणी भरतो आणि हवे ते ऐकतो. दर ऐकण्यामागे मिळते ते नाण्याचा अंशभर, आणि त्यातही वाटेकरी पुष्कळ. ज्यांची जुनी गाणी कोट्यवधी वेळा वाजतात, त्यांना हे मानवते. २०२४ साली क्वीनच्या गाण्यांचे हक्क सुमारे १०० कोटी पौंडांना सोनी कंपनीकडे गेल्याचे वृत्त आले. नवख्याचे काय? कलावंतांच्या पदरी पडणारा मोबदला अगदी तुटपुंजा आहे, असे ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीने २०२१ साली स्पष्ट सांगितले. साधने बदलली, पण सातबाऱ्याचा प्रश्न जागच्या जागीच राहिला.

आणि तो प्रबंध? तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर मे यांनी जुनी टिपणे बाहेर काढली. नशीब असे की मधल्या काळात या विषयावर फार थोडे काम झाले होते. जुनी मोजमापे निकामी ठरली नव्हती. त्यांनी नवे संशोधन वाचले, उणिवा भरून काढल्या, परीक्षकांपुढे उभे राहिले, आणि २००७ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, डॉक्टर झाले. पैसा आणि कीर्ती असताना त्यांना या पदवीची गरज नव्हती. हाती घेतलेले काम मात्र त्यांना पुरे करायचे होते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये, अमावस्येच्या सुमारास, संधिप्रकाश पुरता विझल्यावर बांधावर उभे राहून पश्चिमेकडे पाहा. क्षितिजापासून वर निमुळता होत गेलेला फिकट उजेड दिसेल. शहरातल्या दिव्यांच्या झगमगाटात तो दिसत नाही. गावाच्या अंधारात दिसतो. शाळेतल्या मुलांनाही बरोबर न्या आणि त्यांना सांगा, एक वादक तरुणपणी याच धुळीचा वेग मोजायला बसला होता, आणि म्हातारपणी त्याने तो हिशेब पुरा केला.