धावायला शिकलेला माणूस



'बाटा' हे नाव आपल्याकडे खेड्यापाड्यांतूनही ठाऊक आहे. या कंपनीचे मूळ गाव झ्लिन. ते मोराव्हियात आहे. १८९४ साली तेथे जोडे तयार करण्याचा धंदा सुरू झाला आणि पुढे त्या लहानशा गावाचे एक कारखान्याचे नगर बनले. याच कारखान्यात १९४१ साली एका तरुण कामगाराच्या आयुष्याला अकल्पित वळण लागले. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे. त्या तरुणाचे नाव एमिल झाटोपेक.

एमिलचा जन्म १९ सप्टेंबर १९२२ रोजी कोप्रिव्हनित्से या गावी झाला. वडील सुतारकाम करीत. घरात खाणारी तोंडे पुष्कळ. तेव्हा मिसरूड फुटण्याच्या वयातच मुलगा झ्लिनला कामाला लागला. खेळाचा त्याला मुळीच नाद नव्हता. १९४१ साली देश जर्मनांच्या अमलाखाली होता. कारखान्याच्या वतीने एक शर्यत ठरली आणि तेथील क्रीडाशिक्षकाने चार मुलांकडे बोट दाखवून त्यांना धावण्याचे फर्मान सोडले. त्या चौघांत एमिल होता. आपली प्रकृती नाजूक आहे, हे आपल्याला झेपणार नाही, अशी सबब त्याने सांगून पाहिली. डॉक्टरांनी तपासले आणि प्रकृती ठणठणीत असल्याचा निर्वाळा दिला! निरुपायाने तो शर्यतीला उभा राहिला. पण एकदा धावू लागल्यावर आपल्याला जिंकण्याची ईर्षा वाटू लागली, असे तो पुढे सांगे. शंभर मुलांत त्याचा दुसरा क्रमांक आला.

येथपर्यंतची गोष्ट योगायोगाची झाली. खरी गोष्ट येथून पुढे सुरू होते. धावणे हे माणसाला उपजतच येते, त्यात शिकावयाचे ते काय, असे आपण समजतो. झाटोपेक यांनी तसे मानले नाही. झ्लिनमध्ये यान हालुझा या अनुभवी धावपटूने त्यांना पहिले धडे दिले. त्यानंतर बहुतांशी ते स्वतःच स्वतःचे गुरू झाले. लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी लांब अंतर सावकाश धावण्याचा सराव करावा, अशी तेव्हाची सर्वसाधारण समजूत होती. झाटोपेक यांना प्रश्न पडला, की सावकाश धावणे तर आपल्याला येतेच. मग त्याचा सराव कशाला? शिकावयाचे आहे ते वेगाने धावणे.

मग त्यांनी अंतराचे तुकडे पाडले. चारशे मीटर जोराने धावावयाचे, मग थोडे अंतर संथ पावलांनी जाऊन दम घ्यावयाचा, पण तो पुरता भरून येण्याआधीच पुन्हा जोराने सुटावयाचे. अशाने हृदयाला व फुफ्फुसांना वेगाचा ताण सोसण्याची सवय जडते, आणि एरवी एका दमात न झेपणारे वेगवान अंतर तुकड्यातुकड्यांनी पदरात पडते. ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. फिनलंडचे पावो नुर्मी वेगाचा सराव करीत आणि जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर यांनी युद्धापूर्वीच तिला शास्त्रीय रूप दिले होते. नवे होते ते झाटोपेक यांचे प्रमाण. सुरुवातीला दहा-वीस वेळा, मग चाळीस वेळा आणि ऐन भरात असताना काही दिवशी तर शंभर वेळा ते चारशे मीटर धावले. युद्धानंतर ते सैन्यात गेले. तेथेही जड लष्करी बूट घालून, रात्र असेल तर हाती विजेरी घेऊन, त्यांचा सराव चालू राहिला. आपल्या तालमींतील पहिलवान जोर-बैठकांचा आकडा जसा चढवीत नेतात, तसाच हा प्रकार होता.

त्यांचे धावणे मात्र पाहण्यासारखे नव्हते. मान एका बाजूला कललेली, चेहरा वेदनेने पिळवटलेला, खांदे आखडलेले. पाहणाऱ्याला वाटे, हा गृहस्थ पुढल्या वळणावर कोसळणार! कोणी यावर टीका केली, तर सौंदर्याला गुण मिळू लागतील तेव्हा पाहू, अशा अर्थाचे उत्तर ते हसत हसत देत. वरचा देह असा हेलकावे खात असला, तरी पाय घड्याळाच्या काट्यासारखे नेमाने पडत असत.

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी १०,००० मीटरची शर्यत पाऊण मिनिटाहून अधिक अंतराने जिंकली आणि ५,००० मीटरमध्ये रौप्यपदक मिळविले. १९५१ साली एका तासात २० किलोमीटरांहून अधिक धावणारे ते पहिले ठरले. मग आले १९५२ चे हेल्सिंकी. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले ते हेच ऑलिंपिक. तेथे झाटोपेक यांनी २० जुलैला १०,००० मीटर आणि २४ जुलैला ५,००० मीटरची शर्यत जिंकली. त्याच दिवशी दुपारी त्यांच्या पत्नी डाना यांनी भालाफेकीत सुवर्णपदक पटकावले. नवल असे, की या दांपत्याची जन्मतारीखही एकच! उरली मॅरेथॉन. सव्वीस मैलांवरची ही शर्यत १९२० साली अँटवर्पला आपल्या बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांनी एकोणिसाव्या क्रमांकाने पुरी केली होती. झाटोपेक ती त्यापूर्वी कधीच धावले नव्हते. तरीही २७ जुलैला २ तास २३ मिनिटे ३.२ सेकंदांत, दुसऱ्यापेक्षा अडीच मिनिटे आधी, ते मैदानात परतले. या तिन्ही शर्यती एकाच ऑलिंपिकमध्ये जिंकणारा दुसरा माणूस अद्याप झालेला नाही.

परंतु धावण्याने आयुष्य बदलते ते केवळ पदकांनी नव्हे. हेल्सिंकीला निघताना स्टानिस्लाव्ह युंगविर्थ या सहकाऱ्याचे नाव अधिकाऱ्यांनी वगळले, कारण त्याचे वडील राजकीय कैदी होते. तो येणार नसेल तर मीही जाणार नाही, असे झाटोपेक यांनी निक्षून सांगितले. त्या राजवटीत असे बोलणे जोखमीचे होते. अखेर दोघेही गेले. १९६६ साली ऑस्ट्रेलियाचे रॉन क्लार्क प्रागला आले. जागतिक विक्रमांची रास त्यांच्या नावावर होती, पण ऑलिंपिकचे सुवर्णपदक नव्हते. निरोप देताना झाटोपेक यांनी त्यांच्या हाती एक लहानशी पुडी ठेवली. क्लार्क यांनी ती पुढे उघडली, तेव्हा आत हेल्सिंकीच्या १०,००० मीटरचे सुवर्णपदक होते.

१९६८ साली प्रागमध्ये स्वातंत्र्याचे वारे वाहू लागले. त्याला पाठिंबा देणाऱ्या 'दोन हजार शब्द' या जाहीरनाम्यावर कर्नल झाटोपेक यांनी सही केली आणि ऑगस्टमध्ये सोव्हिएत फौजा शिरल्या तेव्हा उघड निषेध केला. पक्षातून आणि सैन्यातून त्यांना काढण्यात आले. भूगर्भाचा शोध घेणाऱ्या तुकड्यांबरोबर, घरापासून दूर, त्यांनी कित्येक वर्षे अंगमेहनतीचे काम केले. काही काळाने त्यांनी आपली आधीची भूमिका जाहीरपणे मागे घेतली आणि त्यामुळे काही जुने स्नेही दुरावले, हेही सांगितले पाहिजे. ज्याने इतका ताण सोसण्याची सवय केली होती, त्याच्याही सोसण्याला सीमा होती. आपण त्याला दोष देण्याआधी त्याच्या जागी क्षणभर उभे राहून पाहावे. १९९० साली, राजवट बदलल्यावर, त्यांचा मान त्यांना परत मिळाला. नोव्हेंबर २००० मध्ये त्यांचे निधन झाले.

धावण्याने एका कामगार मुलाला जगाच्या मैदानावर नेले. त्याच्या शब्दाला वजन दिले आणि त्या वजनाची किंमतही त्याला मोजावयास लावली. प्रकृती नाजूक असल्याची सबब सांगणारा तो मुलगा आपल्यापैकी कोणाहून फारसा वेगळा नव्हता. फरक इतकाच, की जे सर्वांनाच येते असे आपण समजतो, ते नव्याने शिकावयास तो तयार झाला.