मशिदीच्या भिंतीवर संस्कृत शिलालेख कसा? बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीची गोष्ट

जुन्या मशिदीच्या भिंतीवर देवनागरी अक्षरं दिसली की त्याचा फोटो मोबाइलवर फिरू लागतो. हा दगड एखाद्या मंदिराचा असणार, असा अंदाजही लगेच बांधला जातो. काही ठिकाणी जुने दगड खरोखरच पुन्हा वापरलेले आहेत. पण बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीतला संस्कृत लेख वेगळा आहे. तो ही मशीद बांधणाऱ्या सुलतानानेच कोरून घेतला, आणि ही मशीद का बांधली हे त्यातच लिहिलेलं आहे.

बुऱ्हाणपूरचा खानदेशाशी काय संबंध?

बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे. जळगाव जिल्ह्यातलं रावेर मागे टाकून राज्याची सीमा ओलांडली की हे शहर लागतं. फारुकी घराण्याच्या काळात ते खानदेशाची राजधानी होतं. मुघल काळात सुरत बंदरातून निघालेला माल नंदुरबारमार्गे तापीच्या खोऱ्यातून बुऱ्हाणपूरला पोहोचायचा आणि तिथून पुढे आग्र्याकडे जायचा. म्हणजे नंदुरबार, थाळनेर आणि बुऱ्हाणपूर ही एकाच व्यापारी वाटेवरची गावं होती.

फारुकी सत्तेची सुरुवात थाळनेरला झाली. दिल्लीच्या फिरोजशाह तुघलकाने मलिक राजा याला १३७० मध्ये थाळनेर आणि करवंदचा मुलूख दिला. पुढे तो स्वतंत्रपणे राज्य करू लागला. १३९९ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर थाळनेरलाच आहे. त्याचा मुलगा नासिर खान याने तापीकाठी नवं शहर वसवलं आणि सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावावरून त्याला बुऱ्हाणपूर हे नाव दिलं. या संतांची दर्गाह खुलताबादला आहे.

मशीद कुणी बांधली?

शहराच्या मध्यभागी, आजच्या गांधी चौकात ही मशीद उभी आहे. ती बांधणारा सुलतान आदिलशाह फारुकी इतिहासात राजा अली खान या नावाने जास्त ओळखला जातो. विजापूरची आदिलशाही वेगळी, तिचा या घराण्याशी संबंध नाही. राजा अली खान १५७६ मध्ये गादीवर आला. मशिदीतल्या अरबी लेखात हिजरी ९९७ हे वर्ष दिलं आहे, म्हणजे इसवी सन १५८८-८९.

बांधकामाचं वैशिष्ट्य काय?

मशीद काळ्या दगडाची आहे. दर्शनी बाजूला एका ओळीत १५ कमानी आहेत आणि दोन टोकांना दोन उंच मिनार. मिनारांची उंची सुमारे ३६ मीटर आहे. समोर मोठं अंगण आणि वजूसाठी पाण्याची सोय आहे.

मशीद म्हटलं की डोळ्यांसमोर घुमट येतो. इथे प्रार्थनागृहावर घुमटच नाही. आतली जागा पाच ओळी खोल आहे. जाड दगडी खांबांवरून चारही बाजूंना कमानी उठतात, त्या एकमेकींना जोडल्या जातात आणि सगळं छत त्यांच्यावर तोललं जातं. त्यामुळे बाहेरून पाहिलं तर छत सपाट दिसतं. आत मात्र कुठेही उभं राहा, कमानींच्या रांगांमागे रांगा दिसत जातात.

संस्कृत लेखात काय लिहिलं आहे?

नमाज पढताना ज्या दिशेला तोंड केलं जातं, त्या पश्चिमेच्या भिंतीत मेहराबी आहेत. याच भिंतीवर अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही आहे. संशोधक हिरालाल यांनी तो 'एपिग्राफिया इंडिका' या शिलालेखांच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

लेखाची सुरुवात सृष्टिकर्त्याला नमस्कार करून होते. त्यानंतर मलिक राजापासून पुढची फारुकी वंशावळ येते. मशिदीसाठी 'मसीति' असा शब्द वापरला आहे आणि राजाने ती स्वतःच्या धर्माच्या पालनासाठी बांधली, असं स्पष्ट म्हटलं आहे.

तारीख तर थेट पंचांगातली आहे. विक्रम संवत १६४६, शके १५११, विरोधी संवत्सर, पौष शुद्ध एकादशी, सोमवार. त्या काळच्या ज्युलियन कालगणनेनुसार हा दिवस ५ जानेवारी १५९० येतो, आणि त्या दिवशी सोमवारच होता.

मंदिराच्या दगडावर फारुकी सुलतानाची वंशावळ आणि मशीद बांधल्याची नोंद असू शकत नाही. त्यामुळे हा दगड दुसरीकडून आणलेला नाही, याचा पुरावा लेखातच आहे. जवळच्या असीरगडावर याच सुलतानाने बांधलेल्या जामा मशिदीतही संस्कृत लेख आहे.

मग संस्कृत कशासाठी?

याचं कारण लेखात दिलेलं नाही. पण मजकुरावरून अंदाज करता येतो. नमन, वंशावळ, बांधकामाचा हेतू आणि तिथी हा क्रम भारतातल्या राजांच्या दानलेखांमध्ये नेहमी आढळतो. दोनशे वर्षं या मुलखावर राज्य करणाऱ्या घराण्याने आपली नोंद इथल्या रीतीने आणि इथल्या कालगणनेत करून ठेवली.

पुढे काय झालं?

१५९७ मध्ये गोदावरीकाठी दख्खनच्या फौजांशी लढताना राजा अली खान मारला गेला. तो मुघलांच्या बाजूने लढत होता. त्याच्या मुलाने मात्र मुघलांशी वैर धरलं. अकबर स्वतः चालून आला आणि जानेवारी १६०१ मध्ये असीरगड पडला. फारुकी राज्य संपलं. त्या विजयाचा फारसी लेखही याच मशिदीत कोरला गेला.

अशा रीतीने अरबी, संस्कृत आणि फारसी असे तीन भाषांतले लेख या एका इमारतीत आहेत. पुढच्या वेळी एखाद्या मशिदीतल्या देवनागरी अक्षरांचा फोटो मोबाइलवर आला, तर तो पुढे पाठवण्याआधी त्यात काय लिहिलं आहे ते विचारायला हवं. दगड कुठला, याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं.