विद्यापीठाच्या दारातील तराजू

१९३५ सालची गोष्ट. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील शॅम्पेन गावी जेम्स टोबिन नावाचा एक शाळकरी मुलगा राहत असे. त्याचे वडील तेथील विद्यापीठाच्या क्रीडाविभागाच्या प्रसिद्धीचे काम पाहत. मुलाने गावातल्याच विद्यापीठात शिकावे, हे जवळजवळ ठरलेले होते. इतक्यात वडिलांच्या वाचनात एक बातमी आली. सुमारे हजार मैलांवरील हार्वर्ड महाविद्यालय दूरच्या प्रांतांतील हुशार मुलांना शिष्यवृत्त्या देऊ लागले होते. मुलगा विशेष तयारीवाचून परीक्षेस बसला, निवडला गेला, आणि पुढे १९८१ साली अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा मानकरी ठरला.

ही शिष्यवृत्ती सुरू करणारे जेम्स ब्रायंट कोनंट हे रसायनशास्त्रज्ञ १९३३ साली हार्वर्डचे अध्यक्ष झाले होते. पूर्व किनाऱ्यावरील सधन घराण्यांची मुले खर्चिक निवासी शाळांतून थेट हार्वर्डला येत. ही वहिवाट मोडावी, म्हणून १९३४ साली त्यांनी पहिले दहा विद्यार्थी बाहेरून निवडले. गुणवंतास आश्रय देण्याची ही कल्पना आपल्याकडेही अपरिचित नव्हती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवरच १९१३ साली डॉ. आंबेडकर पुढील अभ्यासासाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले होते.

परंतु कोनंट यांनी जुन्या भिंतीला एक नवी खिडकी पाडली, एवढेच. भिंत उभीच राहिली. ती कशी रचली गेली, हे पाहण्यासाठी आणखी थोडे मागे जावे लागते.

१९२२ साली हार्वर्डमधील पाचांपैकी एक विद्यार्थी ज्यू होता. यांतील पुष्कळ मुले नव्याने आलेल्या निर्वासित व स्थलांतरित कुटुंबांतली होती, आणि परीक्षेतील गुणांच्या बळावर आत आली होती. तत्कालीन अध्यक्ष लॉवेल यांना ही संख्या अधिक वाटली व त्यांनी तीवर उघड मर्यादा सुचवली. अध्यापकवर्गाने ती मान्य केली नाही. तेव्हा १९२६ साली दुसरा मार्ग निघाला. एकूण जागा मर्यादित झाल्या, आणि गुणांच्या जोडीला ‘चारित्र्य’ व ‘व्यक्तिमत्त्व’ यांची पारख सुरू झाली. शब्द उदात्त होते; परिणाम मात्र लॉवेल यांच्या मनासारखा झाला. परीक्षेचा गुण कागदावर असतो, तो कोणालाही पडताळता येतो. चारित्र्याचा गुण देणाऱ्याच्या मनात असतो.

मूळ हेतू काळाआड गेला, पण तराजू तोच राहिला. २०१८ साली हार्वर्डविरुद्ध चाललेल्या खटल्यात प्रवेशाची कागदपत्रे उघड झाली. प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक जण निवडलेले खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची किंवा प्राध्यापकांची मुले, अथवा देणगीदारांशी संबंधित अशा खास यादीतले होते, असे त्यांवरून दिसले. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार निषिद्ध ठरवला. वारशाचा विचार हा त्या खटल्याचा विषयच नव्हता. तो अबाधित राहिला.

त्याच वर्षी राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग व जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हार्वर्ड, येल, स्टॅनफर्ड यांसारख्या बारा नामांकित संस्था त्यांनी तपासल्या. सर्वांत श्रीमंत एक टक्का कुटुंबांतील मुले, तेवढेच गुण मिळवणाऱ्या मध्यमवर्गीय मुलांच्या मानाने, तेथे पोहोचण्याचा संभव दुपटीहून अधिक आढळला. प्रवेश देतानाच्या झुकत्या मापाची कारणे तीन: माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना पसंती, खेळाडूंची निवड आणि अभ्यासबाह्य गुणांना दिलेले वजन. राज्यांच्या आघाडीच्या सार्वजनिक विद्यापीठांच्या प्रवेशात मात्र असा झुकाव दिसला नाही.

महाविद्यालयांची बाजूही ऐकली पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या ऋणानुबंधातून देणग्या येतात व त्यांतूनच गरिबांना शिष्यवृत्त्या मिळतात, असे ती म्हणतात. परंतु जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने २०१४ साली वारसापसंती बंद केली, तरी त्याचा लौकिक उणावला नाही.

मग केवळ परीक्षाच ठेवावी काय? परीक्षाही निर्दोष नाही. तेराशे किंवा अधिक गुण मिळवण्याचा संभव सर्वांत गरीब पंचमांशातील मुलांच्या मानाने सर्वांत श्रीमंत एक टक्क्यातील मुलांना तेरापट असतो, असे त्याच अभ्यासकांना आढळले. चांगली शाळा, खासगी शिकवणी, घरातील निवांत खोली, या सर्वांस पैसा लागतो. तरीही महासाथीच्या काळात ऐच्छिक केलेली ही परीक्षा एमआयटीने २०२२ साली आणि हार्वर्डने २०२४ साली पुन्हा आवश्यक केली. परीक्षा गेल्यावर उरतात ती शिफारसपत्रे, छंद आणि ओळखी. आणि त्या बाबतीत गरिबाचे घर अधिकच रिकामे असते.

हार्वर्डने २०२५ साली वर्षाला दोन लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या बहुतेक कुटुंबांच्या मुलांना शिक्षणशुल्क माफ केल्याचे जाहीर केले. ही उदारता खरी आहे. परंतु आतील अन्नछत्र कितीही मोठे असले, तरी दार कोणासाठी उघडते हा प्रश्न उरतोच. टोबिनसाठी ते उघडले, कारण त्या दिवशी तराजूत त्याची उत्तरपत्रिका पडली, वडिलांचे नाव नव्हे.